काय दिसतं ते नंतर, आधी कधी दिसतं ते विचारा

प्रश्न थोडक्यात असा. एका भावाने लिहिलंय: बहीण २१ वर्षांची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. दहावीनंतर तिला दिवसा झोप आवरेनाशी झाली. वर्गात, एसटीत, एकदा तर ताटावर बसल्याबसल्या. रात्री दाराशी एक माणूस उभा दिसतो, कधी तो छातीवर येऊन बसतो, असं ती सांगते. घरच्यांनी आधी देवऋषी, अंगारे, उतारे केले, मग मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. तिथे स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. १४ महिने ओलान्झापिन चालू आहे, मध्ये उदासीसाठी फ्लुओक्सेटिनही जोडलं. वजन ११ किलो वाढलं, झोप दुप्पट झाली, तो माणूस मात्र गेला नाही. पत्राच्या मध्यावर दोन ओळी आहेत: ‘हसताना तिचे पाय जायचे, मैत्रिणी धरायच्या, ते लक्ष वेधून घ्यायला करते असं डॉक्टर म्हणाले. दुसरी गोळी सुरू झाल्यापासून ते कमी झालंय.’ आणि शेवटी विचारलंय की हा झोपेचाच आजार असू शकेल का, आणि असला तर कळेपर्यंत आम्ही निभवायचं कसं?

त्या मधल्या दोन ओळी तुम्ही जाता जाता लिहिल्या असतील, पण मी तिथेच थांबले. पत्र वाचून निदान करता येत नाही आणि करूही नये. तुमच्या बहिणीला मी तपासलेलं नाही. पण २३ वर्षं मनोविकारांचं काम आणि त्यातली गेली ११ वर्षं मुख्यतः झोपेच्या तक्रारी पाहिल्यावर एवढं खात्रीने सांगते, की केवळ या दोन ओळींसाठी तिच्या झोपेची तपासणी व्हायला हवी. नार्कोलेप्सी नावाचा मेंदूचा एक आजार आहे. डॉक्टरांनी तो पुस्तकात वाचलेला असतो, परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिलेलं असतं. पण समोर येतो तेव्हा तो आळस, उदासी, बाधा किंवा वेड यांपैकी कशाचं तरी रूप घेऊन येतो, आणि आपण त्या रूपालाच औषध देत बसतो.

आजार नेमका काय, ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. आपल्याला झोप लागली की सुरुवातीला साधी झोप येते आणि साधारण दीड तासाने पहिल्यांदा स्वप्नांची झोप येते. तिला रेम झोप म्हणतात. तेव्हा पापण्यांखाली बुबुळं भिरभिरतात, स्वप्नं पडतात, आणि स्वप्नात धावताना आपण खरोखरच अंथरुणातून उठून धावू नये म्हणून मेंदू हातापायांचे स्नायू पार ढिले सोडून देतो. डोळे आणि श्वासाचा पडदा तेवढा चालू राहतो. हे रोज रात्री तुमचं-माझंही होतं. कडी लावलेल्या खोलीत होतं म्हणून कळत नाही. ती कडी धरून ठेवण्याचं काम मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस नावाच्या भागात, पन्नास ते ऐंशी हजार पेशी करतात. त्या पेशी जे रसायन सोडतात त्याला हायपोक्रेटिन किंवा ओरेक्सिन म्हणतात. नार्कोलेप्सीच्या पहिल्या प्रकारात या पेशी जवळजवळ सगळ्या मरतात. शरीराची प्रतिकारशक्तीच चुकून त्यांच्यावर उलटत असावी, असं मानायला बळकट आधार आहे. पेशी गेल्या की कडी निसटते. मग झोप दिवसा येते, स्वप्न जागेपणी येतं, आणि स्नायूंचं ढिलेपणही भलत्या वेळी येतं.

आता तुमच्या बहिणीची लक्षणं यात ठेवून बघा. डोळा लागता लागता किंवा जाग येता येता दाराशी माणूस दिसतो, तेव्हा अर्धं स्वप्न उघड्या डोळ्यांनी चाललेलं असतं. छातीवर कुणीतरी बसलंय, श्वास घेता येत नाही, हाक मारायची तर आवाज फुटत नाही, तेव्हा मन जागं झालंय पण स्नायू अजून स्वप्नाच्या ताब्यात आहेत. आणि मैत्रीण काहीतरी बोलली, खळखळून हसू आलं आणि गुडघे वळले, तर तेच ढिलेपण भर दिवसा, शुद्ध पूर्ण असताना येऊन गेलं. याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. ती बहुतेकदा काही सेकंद ते दोन मिनिटं टिकते. कधी माणूस पडतो, पण बऱ्याचदा नुसती मान झुकते, जबडा लोंबतो, जीभ जड होते, हातातला कप सुटतो. फिटमध्ये बहुतेकदा शुद्ध जाते, इथे जात नाही. आजूबाजूचं सगळं ऐकू येत असतं. म्हणूनच ‘नाटक करते’ हे तिच्या कानावर पडलेलं असणार, तेही जमिनीवर पडलेली असताना. तुमच्या पत्रातली ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली.

छातीवर बसणारं भूत नुसतं एवढंच कुणी सांगितलं तर मी घाबरत नाही. झोपेतलं असं आवळलं जाणं कितीतरी निरोगी माणसांना आयुष्यात एखाददुसऱ्या वेळी येतं, जागरणानंतर, परीक्षेच्या दिवसांत, उताणं झोपल्यावर. मुंज्या, हडळ, देवचार यांच्या कितीतरी गोष्टी इथूनच निघाल्या असाव्यात असं मला नेहमी वाटतं. वारंवार येणारा दाब, दिवसाची अनावर झोप आणि हसण्याने पाय जाणं हे तिन्ही एकाच माणसात आलं की मात्र कान टवकारायचे.

या आजाराला मनाचा आजार समजण्याची चूक आजची नाही. १८८० साली झेलिनो नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी दारूच्या पिंपांचा व्यापार करणाऱ्या एका ३८ वर्षांच्या माणसाची हकीकत लिहिली आणि आजाराला हे नाव दिलं. दिवसातून कितीतरी वेळा त्याला झोपेचे झटके यायचे. त्यानंतरही विसाव्या शतकात बराच काळ अनेक डॉक्टर याचं मूळ मनातल्या दडपलेल्या भावनांत शोधत राहिले. हायपोक्रेटिनचा शोध लागला तो १९९८ मध्ये. १९९९ मध्ये नार्कोलेप्सी असलेल्या डोबरमन कुत्र्यांत त्याच यंत्रणेतला दोष सापडला आणि २००० मध्ये रुग्णांच्या मेंदूत त्या पेशी नाहीशा झाल्याचं दिसलं. म्हणजे आज पन्नाशीच्या पुढे असलेले माझ्यासारखे डॉक्टर शिकत होते तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं. लक्षणं बहुधा १० ते २५ या वयात सुरू होतात, आणि ज्या देशांत तपासण्या सहज होतात तिथेही लक्षणं दिसल्यापासून नाव मिळेपर्यंत ८ ते १५ वर्षं जातात. स्किझोफ्रेनिया सुरू होण्याचं वयही साधारण याच्याच आसपासचं असल्याने घोटाळा वाढतो.

मीही ही चूक केली आहे. नोकरीची पहिली वर्षं होती. १७ वर्षांचा मुलगा, त्याला खिडकीतून आत येणारी मांजरं दिसत आणि ती अंगावरून चालत जाताना जाणवतही. मी भासांची नोंद केली, संशय-भीतीचे प्रश्न विचारले, औषध सुरू केलं. त्याची आई म्हणाली होती, ‘बाई, हा हसला की खाली बसतो.’ मी ते ऐकलं, आणि केसपेपरवर ‘लक्ष वेधण्याची प्रवृत्ती’ असं लिहिलं. तो कागद मी पुढे कितीतरी वेळा आठवला आहे. मांजरं कधी येतात, हे मी विचारलं नव्हतं. दोन वर्षांनी एका मेंदूविकारतज्ज्ञांनी विचारलं, तेव्हा मुलगा म्हणाला, ‘झोप लागताना. नाहीतर पहाटे. एरवी कधीच नाही.’ त्याची दोन वर्षं माझ्या एका न विचारलेल्या प्रश्नापायी गेली.

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न बदलला. काय दिसतं हे मी नंतर विचारते. आधी विचारते, कधी दिसतं? स्किझोफ्रेनियातले आवाज दुपारी चारलाही येतात, भाजी निवडतानाही येतात. ते बहुतेकदा कानाला ऐकू येणारे शब्द असतात, कुणीतरी आपल्याबद्दल बोलतंय, हुकूम सोडतंय असे. झोपेच्या उंबरठ्यावरचे भास डोळ्यांना दिसतात, अंगाला लागतात, कधी पावलं वाजतात, कधी पाठीवर हात पडतो. सगळी इंद्रियं एकदम सामील होतात, कारण ते मुळात स्वप्नच आहे. आणि पूर्ण जाग आली की माणूस बहुधा म्हणतो, ‘तेव्हा खरं वाटलं, आता कळतंय ते खरं नव्हतं.’ स्किझोफ्रेनियात हे भान बऱ्याचदा सुटलेलं असतं.

पण इथे एक पेच आहे, तो सांगायलाच हवा. नार्कोलेप्सीतली स्वप्नं इतकी ठसठशीत असतात की काही वेळा ती आठवण म्हणून मनात जाऊन बसतात. एक मुलगी चुलत्यांशी दोन महिने बोलत नव्हती. त्यांनी तिला चारचौघांत झापलं होतं म्हणे. चुलते त्या दिवशी गावातच नव्हते. घरच्यांना आणि डॉक्टरांना हा भ्रम वाटला, मनोविकाराचा पुरावाच वाटला. पडलेलं स्वप्न आणि घडलेला प्रसंग यांच्यातली सरहद्द तिच्यापुरती पुसली गेली होती, एवढंच. तुमच्या घरी असं काही झालं असेल तर त्याची नोंद ठेवा. मात्र याचा उलटा वापर कधीही करू नका. बहिणीने उद्या कुणी त्रास दिल्याचं, अंगाला हात लावल्याचं सांगितलं, तर ‘तुला स्वप्न पडलं असेल’ म्हणून ते मोडीत काढायचं नाही. आधी ऐकायचं आणि शहानिशा करायची, जशी कुठल्याही मुलीच्या बाबतीत कराल तशीच.

दुसरी गोष्ट शब्दांची. ‘दिवसभर झोपून असते’ हे वाक्य डॉक्टरांपुढे बोललं की त्याचा अर्थ उदासी असा लागतो. आपल्या भाषेत यासाठी निरनिराळे शब्द आहेत, ते वापरा. मरगळ म्हणजे काही करावंसं वाटत नाही, अंग उचलत नाही, पण पडल्यावर झोप लागतेच असं नाही. नैराश्यात बहुतेकदा ही असते. पेंग म्हणजे काम करायची इच्छा आहे, समोर आवडीचं काही चालू आहे, तरी डोळे मिटतात, मान पडते. पंधरावीस मिनिटांची डुलकी झाली की चेहरा ताजा होतो आणि तासा-दोन तासांनी पुन्हा पेंग येते. नार्कोलेप्सीची खूण ही आहे. आणि औषधाने येते ती गुंगी: सकाळी डोकं जड, जीभ जड, डुलकीनेही न हटणारी. तुमची बहीण ओलान्झापिनवर आहे, ते स्वतः गुंगी आणतं आणि भूकही वाढवतं. म्हणून आजची तिची झोप बघून काही ठरवू नका. औषधं सुरू व्हायच्या आधीच्या दोन-तीन वर्षांत काय होत होतं, ते बसून आठवा.

त्यासाठी एक साधन तुमच्या घरात असेल: तिच्या अकरावी-बारावीच्या वह्या. रद्दीत घातल्या नसतील तर काढा. मी रुग्णांना वह्या आणायला सांगते. एका मुलीची लेखाकर्माची वही माझ्या डोळ्यांपुढे अजून आहे. पानाच्या वरच्या भागात रोजकीर्दीच्या नोंदी, स्वच्छ, रेघेवर. मग अक्षर लहान होतं, ओळ उजवीकडे खाली उतरायला लागते. एका ठिकाणी ‘यंत्र खात्याला नावे’ या नोंदीनंतर लिहिलंय, ‘आत्याने गाय सोडली’. त्यापुढे पेनची नुसती लांब रेघ, पानाच्या कडेपर्यंत. आणि खाली पुन्हा नीट अक्षरात पुढची नोंद. ती लिहिता लिहिता झोपली होती, हात चालू होता, स्वप्न वहीत उतरलं आणि मग जाग आली. हे असं पान सापडलं तर फोटो काढून ठेवा. कुठल्याही वर्णनापेक्षा ते जास्त बोलतं.

आता फ्लुओक्सेटिनचं. उदासीवरची बरीचशी औषधं रेम झोप दाबतात, आणि त्यामुळे कॅटाप्लेक्सीही दबते. व्हेनलाफॅक्सिनसारखी औषधं तर आम्ही याच कामासाठी देतो. म्हणून ‘दुसऱ्या गोळीने पाय जाणं कमी झालं’ ही तुमची नोंद महत्त्वाची आहे. तो पुरावा नव्हे, मन ताळ्यावर आल्यानेही काही त्रास कमी होतात. पण ती एक खूण आहे, आणि ती डॉक्टरांपर्यंत पोहोचायला हवी.

इथे हात जोडून एक विनंती. हे वाचून गोळ्या बंद करू नका. एकही नाही, अर्धीही नाही. फ्लुओक्सेटिन किंवा तशी गोळी एकदम सोडली आणि आजार खरंच कॅटाप्लेक्सीचा असला, तर ती उसळून येते. काही रुग्णांना तासन्‌तास उठता येत नाही. ओलान्झापिन एकदम थांबवलं आणि स्किझोफ्रेनियाचं निदान बरोबर असलं, तर तो आजार उलटतो. शिवाय दोन्ही एकत्र असूही शकतात. क्वचित, पण असतात. औषध कमी करायचं ते डॉक्टरांनी, टप्प्याटप्प्याने, तारखा लिहून.

डॉक्टरांशी बोलायचं कसं, याची धास्ती तुमच्या पत्रात जाणवते. ‘तुमचं निदान चुकलं’ म्हणून आत शिरू नका. त्याने दार बंद होतं, आणि ते चुकलंच आहे हे तुम्हालाही अजून माहीत नाही. एका कागदावर लिहून न्या. दिवसाची झोप कोणत्या वर्षी सुरू झाली. माणूस दिसतो तो झोपेच्या किती जवळ, आणि पूर्ण जागी असताना कधी दिसला आहे का. हसल्यावर काय होतं, किती सेकंद, शुद्ध असते का. गोळी बदलल्यावर काय बदललं. आणि शेवटी एक वाक्य: ‘नार्कोलेप्सी आहे की नाही हे पाहण्यासाठी आम्हाला झोपेची तपासणी करून घ्यायची आहे, त्याआधी औषधांचं काय करायचं ते सांगा.’ मोबाइलवर एखादा व्हिडिओ असला तर उत्तमच. हसवून हसवून तिला पाडायचं आणि ते टिपायचं असं मात्र करू नका, ती माणूस आहे. पण घरच्या समारंभात, वाढदिवसाला कुणी सहज काढलेल्या व्हिडिओत हसताना तिची मान झुकलेली, पापण्या मिटलेल्या कितीदा सापडतात. एवढं करूनही कुणी ऐकून घेतलं नाही, तर दुसरं मत घेणं हा तुमचा हक्क आहे. मेंदूविकारतज्ज्ञ किंवा झोपेच्या आजारांचं काम करणारे मनोविकारतज्ज्ञ, दोघांपैकी कुणीही चालतील.

तपासणीबद्दल एक फसगत वारंवार होते. हल्ली घरी यंत्र आणून रात्रभर लावायची सोय झाली आहे. ती घोरण्याच्या, झोपेत श्वास अडकण्याच्या आजारासाठी ठीक आहे. नार्कोलेप्सी त्यात दिसत नाही. घरचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला म्हणून परत मनोविकाराच्या खात्यात ढकललेले रुग्ण मी पाहिलेत. आपल्याला हवी ती दोन भागांची तपासणी. रात्रभर प्रयोगशाळेत पॉलिसोम्नोग्राफी, म्हणजे झोपेत मेंदू, श्वास आणि स्नायूंची तारा लावून घेतलेली नोंद, आणि दुसऱ्या दिवशी लगेच एमएसएलटी: दर दोन तासांनी अंधाऱ्या खोलीत झोपायची संधी द्यायची, अशा पाच वेळा. झोप किती मिनिटांत लागते आणि पंधरा मिनिटांच्या आत रेम येते का, हे तारा लावून मोजतात. सरासरी ८ मिनिटं किंवा कमी वेळात झोप लागली आणि दोन किंवा अधिक वेळा रेम इतक्या लवकर आली, तर नार्कोलेप्सीच्या बाजूने कौल जातो. रात्रीच्या तपासणीतली लवकर आलेली रेमही त्यात धरतात. पुण्या-मुंबईसारख्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत ही सोय असते. फोनवरच विचारून घ्या, ‘एमएसएलटी करता का?’ नुसती रात्रीची तपासणी करून परत येऊ नका, पैसे आणि हेलपाटा दोन्ही वाया जाईल.

आणि ही तपासणी फ्लुओक्सेटिन चालू असताना केली तर रेम दबलेली असल्याने ती खोटा दिलासा देऊ शकते. अशी बहुतेक औषधं निदान दोन आठवडे आधी थांबवावी लागतात. फ्लुओक्सेटिन शरीरात फार रेंगाळतं, त्याला पाच-सहा आठवडे लागतात. थांबवणं शक्य नसेल तर तसं लिहून, ते लक्षात घेऊन रिपोर्ट वाचावा लागतो. तपासणीआधी एक-दोन आठवडे झोपेची डायरी ठेवायची आणि रोज पुरेसं झोपायचं. आदल्या आठवड्यात जागरणं झाली असतील तर निरोगी मुलगीही दुसऱ्या दिवशी चार मिनिटांत झोपेल. पाठीच्या मणक्यातल्या पाण्यात हायपोक्रेटिन मोजणं ही सगळ्यात थेट तपासणी, पण ती नेहमीच्या लॅबमध्ये होत नाही. या आजाराशी जोडलेला एक जनुकीय प्रकार शोधणारी रक्तातली एचएलए चाचणी कुणी सुचवली तर तिच्यावर एकटीवर विसंबू नका, तो जनुकीय प्रकार कितीतरी निरोगी माणसांतही असतो.

नार्कोलेप्सी नसेलही. दर लाखात २५ ते ५० जणांना होणारा आजार आहे हा, सर्दी-पडसं नव्हे. घोरते का, झोपेत श्वास थांबतो का, गोळ्यांनी वजन वाढल्यावर ते वाढलंय का, हे बघा. थायरॉइड, रक्तातलं लोह तपासून घ्या. रात्री दोनपर्यंत मोबाइल आणि सकाळी सातचं कॉलेज असं असेल तर आधी ती झोप भरून काढा. आणि खरोखर मनोविकार असेल तर त्यातही लाज नाही, त्यालाही चांगले उपचार आहेत. भर दुपारी पूर्ण जागी असताना आवाज येतात, कुणी विष घालतंय असा दिवसेंदिवस संशय, माणसं तोडणं, स्वतःची निगा सोडणं, असं असेल तर सध्याच्या डॉक्टरांचं निदान बरोबर असण्याची शक्यता मोठी. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार बोलून दाखवले तर कुठल्याही तपासणीची वाट बघायची नाही. लगेच डॉक्टर गाठा, आणि १४४१६ ही टेलिमानसची सरकारी मदतवाहिनी रात्रंदिवस, मराठीतही चालू असते. वागण्यात झपाट्याने बदल, सोबत ताप, फिट, चेहऱ्याच्या विचित्र हालचाली असं दिसलं तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग: तोवर निभवायचं कसं. निदान काहीही निघो, यातलं काहीच वाया जाणार नाही.

दिवसातून दोन ठरलेल्या डुलक्या द्या, १५ ते २० मिनिटांच्या, गजर लावून. एक कॉलेजमधून आल्यावर, एक संध्याकाळी अभ्यासाआधी. दुपारचं जेवण हलकं ठेवा. पोटभर भातानंतर लगेच अभ्यासाला बसवलं तर ती हरणारच. रात्री झोपायची आणि सकाळी उठायची वेळ रविवारीही तीच. ‘दिवसा झोपते म्हणून रात्री झोप येत नाही’ हा वाद घरात होतच असेल. तो थांबवा. नार्कोलेप्सीत रात्रीची झोपही तुटक असते, चार-पाच वेळा जाग येते. दिवसाची डुलकी बंद केल्याने रात्र सुधारत नाही, फक्त दिवस बिघडतो.

दुचाकी तूर्त बंद. यावर वाटाघाट नाही. गॅसजवळ एकटीने उभं राहणं, उकळतं तेल, विहीर-नदीत पोहणं, गच्चीच्या कठड्यावर बसणं, हेही निदान होईपर्यंत नको. एसटीने जाताना कंडक्टरला थांबा सांगून ठेवायचा.

छातीवरच्या दाबासाठी: कुशीवर झोपू दे, उताणं नको. खोलीत मंद दिवा. शेजारी झोपणाऱ्या आईला सांगा, श्वास बदलला, कण्हण्यासारखा आवाज आला की नावाने हाक मारायची आणि खांद्याला हात लावायचा. स्पर्शाने तो विळखा बहुतेकदा लगेच सुटतो. एकटी असेल तर हातपाय झाडायची धडपड न करता डोळे इकडेतिकडे फिरवायचे आणि एका बोटाचं टोक हलवायचा प्रयत्न करायचा. श्वास अडकल्यासारखा वाटतो पण श्वासाचा पडदा चालू असतो, गुदमरून काही होत नाही, हे तिला दिवसाउजेडी समजावून ठेवा. रात्री तिने माणूस दिसल्याचं सांगितलं तर ‘काही नाहीये तिथे’ म्हणून वाद घालू नका आणि ‘कुठे, कुठे?’ करून घाबरूही नका. दिवा लावा, पाणी द्या आणि मिनिटभराने विचारा, ‘अजून आहे?’ उत्तर वेळेसकट वहीत लिहा.

घरात ‘आळशी’ हा शब्द बंद करा. तुम्ही एकट्याने केलात तरी फरक पडेल. तिने गेली पाच वर्षं हाच शब्द ऐकला आहे, त्यावर ‘वेडी’ची भर पडली. अशा मुली हसणंच सोडून देतात, कारण हसलं की पडायला होतं. मग लोक म्हणतात बघा, किती उदास असते. कॉलेजात प्राचार्यांना डॉक्टरांच्या पत्रासह लेखी अर्ज द्या: पहिल्या बाकाऐवजी कडेची जागा, उभं राहून ऐकायची मुभा, परीक्षेत मध्ये दहा मिनिटांची विश्रांती. तोंडी सांगितलेलं परीक्षेच्या दिवशी कुणाला आठवत नाही.

निदान पक्कं झालं तर पुढे काय, ही भीतीही असेल. नार्कोलेप्सी मुळापासून बरी होत नाही, हे मी लपवणार नाही. पण मोडाफिनिल, आर्मोडाफिनिल, मिथाइलफेनिडेट यांसारख्या औषधांनी दिवस बराचसा हातात येतो, कॅटाप्लेक्सीवर वेगळी औषधं आहेत, आणि ठरलेल्या डुलक्या तर आहेतच. माझ्याकडे येणाऱ्यांत शिक्षिका आहेत, सी.ए. आहेत, दोन लेकरांच्या आया आहेत. लग्नाचा विषय निघाला की आजार सांगूनच ठरवा. मोडाफिनिलने गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो आणि बाळाचा विचार असेल तेव्हा औषधं आधीच बदलावी लागतात, म्हणून हे नवऱ्यापासून लपवून चालतच नाही. उलट बाजूही सांगते: जागं ठेवणाऱ्या या गोळ्या मूळचा मनोविकार असलेल्या माणसात तो भडकवू शकतात. म्हणून तपासणीशिवाय, कुणाच्या सांगण्यावरून, नुसतं ‘करून बघू’ म्हणून त्या घ्यायच्या नाहीत.

आणि आणखी एक. सगळं पत्र तुमच्या अक्षरात आहे, तिचं एकही वाक्य त्यात नाही. हे उत्तर तिला वाचायला द्या. मग दिवसाच्या वेळी, ती डुलकी घेऊन ताजी असताना, शेजारी बसून विचारा: तो माणूस दाराशी उभा असतो तेव्हा तुला हात हलवता येतो का? ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत त्या कागदावर सगळ्यात वर लिहा.